टकभाऊंचा तिरका काप

टकभाऊंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नागपूरच्या आमच्या रेडिओ केंद्रावर मी निवेदिका, ते टेप कापून जोडणारे. जोडावर ‘टक्’ झालं की त्यांच्या येरझारा सुरू. म्हणून हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांच्या कानावरही गेलं होतं, पण रागवायला सवड कुणाला होती?

टेप ते नेहमी तिरकी कापत. “सरळ कापलं का आवाज दचकते वं बाई,” असं मला सांगत. ब्लेडला चुंबकाचा गुण लागला तरी जोडावर टक् होतं, म्हणून त्यांच्या टेबलावर कुणी चुंबकी टोकाचा पेचकस ठेवला की अंगावर धावून येत. माझ्यावरही आले होते.

एकदा कुहीकडच्या एका म्हातारीची रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी आम्ही तिच्या गावी जाऊन टेप करून आणली. तिला दमा होता. दोन ओळींच्या मध्ये धाप लागायची. भाऊंनी त्या सगळ्या धापा कापून काढल्या. जोड कुठे आहेत ते मलाही कळेना. कार्यक्रम लागायच्या आधीच म्हातारी वारली आणि तिची मुलगी आमच्याकडे आली. “घरी मायचा फोटोबी नाही. तेवढा आवाज ऐकवा,” म्हणाली.

भाऊंनी टेप लावली. ती ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, “आवाज तिचाच आहे भाऊ. पण माही माय अशी नाही गाये. तिले दम लागे.”

भाऊंनी केराची टोपली जमिनीवर उलटी केली. कापलेले तुकडे गळ्यात अडकवले, एकेक यंत्रावर हाताने ओढून ऐकला, कुठली धाप कुठल्या ओळीनंतरची ते शोधून पुन्हा जोडत राहिले. मला ते बघवत नव्हतं. मुलीची कुहीची बस निघून गेली, तरी ती उठली नाही.

काही तुकडे चुरगळले होते. टेप पुन्हा लावली तेव्हा मध्येच टक् झालं. भाऊंचा हात ब्लेडकडे गेला.

“राहू द्या,” ती म्हणाली. तिने डोळे मिटले होते. मायच्या धापेबरोबर तिचीही छाती वरखाली होत होती. पुढे कार्यक्रमात ती टेप तशीच लागली.

भाऊ गेले त्याला आता वर्ष होईल. परवा वहिनींनी मला विचारलं, “तुमच्याकडं एखाद्या टेपवर ह्यांचा आवाज असंन ना वं?” मी कपाटातल्या जुन्या टेपा काढून ऐकल्या. ध्वनिमुद्रण सुरू करताना भाऊ दर वेळी ‘हं, बोला’ म्हणायचे. आणि टेप हातात आली की सगळ्यात आधी तेवढंच कापून टाकायचे.