हरलेला डाव

मुदखेडहून नांदेडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आम्ही चौघे पत्ते खेळत होतो. मी हरलो, पत्ते फेकले आणि वाटणाऱ्याला शिवी हासडली. समोर एक तरुणी घामानं बोटं अडखळू नयेत म्हणून अंगठ्यांना पावडर लावून मोबाइलवर गेम खेळत होती. राग तिच्यावर निघाला. "पोरी, दुसरा कामधंदा न्हाई का?"

तिनं मान वर केली नाही. "काका, स्पर्धेचा सामना चालू हाय. संपल्यावर बोलते."

मी तिच्या स्क्रीनवर डोकावत राहिलो. थोड्या वेळानं ती हरली. समोरच्या संघाला तिनं 'छान खेळलात' असं लिहिलं, फोन ओढणीला पुसला आणि माझ्याकडे वळली. "बोला आता."

"हरलीस की."

"हाव, हरले. पण शिवी न्हाई दिली. तुमचे पत्ते खाली पडलेत, उचला."

मी वाकलो. तिचं नाव विचारायचं धाडस झालं नाही.