चाकूरच्या हॉटेलातली काजू करी

माझ्या भाचीला लातूरचं स्थळ आलं. आम्ही नांदेडचे. आधी कुणी कुणाच्या घरी जायचं यावर दोन्ही बाजू अडून बसल्या, म्हणून वाटेत चाकूरजवळच्या एका हॉटेलात बसायचं ठरलं. जेवण मुलाकडचं. भाचीनं काय ते तिथंच सांगायचं होतं, कारण मुलाच्या वडिलांना आणखी दोन मुली बघायच्या होत्या.

मी नांदेडला लोकांच्या ग्राहक-तक्रारी लिहून देते. गाडीतून उतरताना भावानं बजावलं, "आक्का, आज कायदा गाडीतच ठेव."

मानाची म्हणून काजू करी मागवली होती. ती आंबली होती. पहिल्याच घासाला टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. मुलाच्या वडिलांनी घास तसाच गिळला. भाऊ म्हणाला, "वा!" वहिनीनं तर परत वाढून घेतली. मुलगा खाली मान घालून खात होता. सोयरीक जुळवताना पोट बिघडलं तरी चालतं, यजमानाचा मान जाता कामा नये.

मी मॅनेजरला बोलावलं. "ही आंबलीय. बदलून द्या, नाहीतर बिलातून काढा."

"म्याडम, सकाळपासून लोक खायलेत. त्यात दही असतंय."

"मग एक वाटी तुम्ही संपवा."

त्यानं वाटी उचलून नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. दुसरी करी नव्हती. बिल आलं तेव्हा करी वगळलेली होती. कायद्याप्रमाणे इथं विषय संपायला हवा होता.

"करी का काढली?" मुलाचे वडील गरजले. "लिवा परत! पाव्हण्यांसमोर आमची इज्जत काढता?"

भाऊ उठला. "पाव्हणे, बिल आम्ही देणार. करीसकट!"

"न्हाई, आमीच देणार!"

दोघं बिलाचा कागद ओढू लागले. आंबलेल्या अन्नाचे पैसे न देण्याचा हक्क कायद्यानं दिलाय, पण तो घ्यायला कुणी तयार पाहिजे ना. मॅनेजरनं खुशीत करी परत लिहिली आणि वर सर्व्हिस चार्जही लावला. तो द्यायची सक्ती नसते, हे मी सांगितलं. दोघं एका सुरात म्हणाले, "असू द्या हो!" दिवसभरात त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

गोंधळात भाचीनं मुलाला विचारलं, "तुम्हाला आंबट लागली नाही?"

"लागली की."

"मग?"

"पप्पा म्हणले, जेवण होईस्तोर तोंड उघडू नको."

"जेवण झालंय आता."

मुलानं वडिलांकडं पाहिलं. मग उठून काउंटरवर गेला. "करी काढा. सर्व्हिस चार्ज पण काढा. राहिलेलं मी देतो." नवीन बिल हातात येईपर्यंत त्यानं जागा सोडली नाही. वडील तोवर बाहेर जाऊन गाडीत बसले होते, त्यामुळं भाचीचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

परतीच्या वाटेवर भावानं भाचीला विचारलं, "काय कळवायचं?"

"हो कळवा."

"अगं, चारचौघांत बापाचं ऐकलं नाही त्यानं!"

"तेच बघितलं मी," ती म्हणाली.