शाळेला पडवी हवी का?

मंडळी, आज भांडुपजवळच्या पाड्यावरची नवी प्राथमिक शाळा पाहिली. कौलं चढली आहेत, पडवी बाकी आहे.

आजवर शाळा देवळात भरायची. खालच्या वाडीतली मुलं बाहेर पडवीत बसायची.

पाड्याचे पुढारी दादा दार अडवून उभे होते. "बाई, पडवी होऊ दे, मग शाळा उघडा. ती पोरं बसणार कुठं?"

"आत," शिक्षिका म्हणाल्या.

खालच्या वाडीतल्या गिरजाबाई पुढे आल्या. "दादा, भिंतींची माती मीच वाहिली. तेव्हा विटाळ कुठं गेला होता?"

बाईंनी हजेरी सुरू केली. दादांच्या नातवाने "हजर" म्हटलं, पण दारातूनच. दादांनी त्याचा हात सोडला नव्हता.

रविवारी पडवीसाठी श्रमदान आहे. मलाही बोलावलंय. तुम्ही मातीची पाटी उचलली असती का?