आत्ता कुठं डोळा लागलाय

पाडव्याला मास्कची सक्ती उठली आणि मी म्हटलं, सुटले एकदाची. मी जळकोटच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षं पोरांच्या नाकावर मास्क चढवता चढवता जीव मेटाकुटीला आला होता. वर्गात सांगून टाकलं, "काढा रे ते, संपला मास्क!" पोरांनी असा काही गलका केला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. माझी लेक त्याच वर्गात. तिनं आपला मास्क बाकाखाली फेकला, तो परत उचललाच नाही.

लेकीला लहानपणापासून बाळदमा. सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजायची आणि मी तिला उचलून दवाखान्यात पळायची. मास्कच्या त्या दोन वर्षांत मात्र एकदाही पळावं लागलं नाही. मला वाटलं, दमा गेला. सगळ्यांना सांगत सुटले, गेला बाई एकदाचा. जळलं मेलं हे तोंड!

पोळ्याच्या सुमारास सगळी शाळाच खोकायला लागली. एका दुपारी लेक बाकावर डोकं टेकून बसलेली दिसली. झंपर वर करून बघितलं, तर दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. भाड्याच्या गाडीनं उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी गाडीवाल्याला नाही नाही ते बोलले.

दवाखान्याच्या इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं, आणि सगळ्यांच्या छातीतून घरघर. सिस्टर म्हणाली, "वाफ द्यायचीय, मास्क घट्ट धरा." लेकीनं तो झटकून टाकला. धापा टाकत म्हणते कशी, "बाईंनी... सांगितलंय... मास्क संपला." शाळेत ती मला बाईच म्हणते. हसावं की रडावं, कळेना. तिचे दोन्ही हात धरून मी वाफेचा मास्क तोंडावर दाबला.

आमच्याच खाटेवर पायथ्याशी एक म्हातारी बसली होती. मांडीवर तीनेक वर्षांचा नातू, त्याचे आईबाप कामाला पुण्यात. आम्ही आलो तेव्हा सगळ्यांत जास्त तोच ओरडत होता, छाती नुसती भात्यासारखी हलत होती. मग हळूहळू तो गप्प झाला. म्हातारीनं पदरानं त्याचा घाम टिपला आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. "लई दमलं हुतं. आत्ता कुठं डोळा लागलाय."

मला हेवा वाटला. खरं सांगते, जळले मी. माझी लेक माझ्या हाताखाली तडफडतेय आणि याला कशी गाढ झोप लागली! पलीकडच्या बाईचा फोन वाजला, तर म्हातारीनं तिला दटावलं, "हळू की गं, लेकरू उठंल." तिनं फोन बंद केला. आम्ही सगळ्याजणी हळू बोलायला लागलो.

डॉक्टर लेकीला तपासायला आले. तरुणच होते. छातीला नळी लावून म्हणाले, "शिट्टी वाजतेय ना? वाजू दे. हवा आत जातेय." बोलता बोलता त्यांची नजर त्या मांडीवर गेली, आणि त्यांनी पोराला म्हातारीच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. म्हातारी खवळली. "आवं, माणूस हाय का कोण! आत्ता झोपलंय, नका उठवू त्याला!" ती त्यांच्यामागं पळाली. आतलं दार बंद झालं, तरी बाहेरून दारावर हात मारत तेच ओरडत होती.

तो उठला नाही.

माझी लेक चार-दोन दिवसांत बरी होऊन घरी आली. मी मात्र तिथून आलेच नाही. घरात जरा शांत झालं, की मी हातातलं काम टाकते. लेक गप्प बसून चित्र काढत असली, तरी मी धावत जाऊन नाकाशी बोट धरते. झोपली की हलवून उठवते. "झोपू दे की गं तिला," नवरा एकदा म्हणाला, तर मी त्याच्यावर अशी काही ओरडले, की तो बिचारा उठून बाहेर गेला. डॉक्टर म्हणतात, आता तिला काही भीती नाही. तिला नसेल, मला आहे.

लेकीनंच यावर तोड काढली. मी दाराशी गेले, की मान वर न करता ती म्हणायची, "आहे मी." न्हाणीतून म्हणायची, पुस्तकात तोंड खुपसून म्हणायची. मला बरं वाटायचं. शहाणी गं माझी बाय, असं कौतुकही करायची मी.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच माझ्याशिवाय माझ्या माहेरी, येरमाळ्याला राहिली. एका सकाळी वहिनीचा फोन आला. लेक मजेत आहे म्हणाली, आमच्या पोरांबरोबर दिवसभर हुंदडते, पोटभर जेवते. मग हळूच म्हणाली,

"ताई, एक विचारू का? रोज झोपेत ती 'आहे मी, आहे मी' करती. आम्ही कोण हाका मारत न्हाय. कुणाला सांगती ओ ती?"

"मला," मी म्हणाले.