जानूमामाने मोकळ्या सोडलेल्या वायरी

जानूमामाला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचं डोकं दिसतच नव्हतं. पोलादपूरला त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर आमची फियाट बॉनेट उघडून उभी होती, इंजिन चालू होतं, आणि इंजिनावर एक काळी घोंगडी पसरलेली होती. घोंगडीच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. आतून आवाज आला, "डॉक्टर, पाय द्या जरा!" माझ्या वडिलांनी स्टिअरिंगवर बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आत जानूमामाने तोंडात धरलेलं पाणी फुर्र करून वायरींवर उडवलं, आणि ओरडला, "दिसली! दोन नंबरला चांदणी दिसली!"

प्लगची वायर जुनी झाली, की तिच्या कवचाला बारीक भेगा पडतात आणि आतली ठिणगी वाटेतच बाहेर पळते. उजेडात ती दिसत नाही. घोंगडीखालच्या अंधारात, ओल्या वायरीवर, ती निळी लुकलुकते. तिला जानूमामा चांदणी म्हणायचा. "चांदणी दिसली की वायर बाद," एवढं म्हणून तो बाहेर यायचा. एका हाताने घोंगडीचं टोक कायम पकडलेलं असायचं, पंख्यात जाऊ नये म्हणून. एकदा गेलं होतं. तो किस्सा तो स्वतःच सांगायचा, "आर्धी घोंगडी पंख्यानं खाल्ली, आर्धी बायकोनं माझ्या डोक्यात घातली."

तो मूळचा वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीचा. घरी शेळ्या, म्हशी. कळत्या वयात मुंबईला टॅक्सींच्या गॅरेजात गेला, तिथे काम शिकला आणि परत आला. गरीब स्वभावाचा वगैरे मुळीच नव्हता. गिऱ्हाईकाला तोंडावर "तू गाडी चालवतोस का नांगर?" असं विचारायचा. नव्या गाड्यांना तो हात लावत नसे. पण जुनी पेट्रोलची गाडी असली, की महाडपासून भोरपर्यंत लोक त्याचंच नाव घेत. वडील गेल्यावर फियाट माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर जानूमामाही.

सायलीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं ते पोलादपूरच्याच घरात. ती म्हणाली, "बाबा, मी आजोबांच्या गाडीतून जाणार हॉलवर." जावयाच्या मित्रमंडळींना जुन्या गाड्यांचं वेड. ते बॉनेट उघडून फोटो काढणार, हेही ठरलेलं. म्हणून मी ऑनलाइन लालभडक वायरींचा तयार संच मागवला आणि गाडी घेऊन शेडवर गेलो.

मामाने वायरी हातात घेतल्या, एकीचं टोक सोलून पाहिलं आणि चारही शेजारी शेजारी धरल्या.

"लाल कशाला? नवरी मागं बसणार हाय, बॉनेटात नाय."

"दिसायला बऱ्या दिसतात, मामा."

"आन सगळ्यांना येकच माप? चार पोरांना येकाच मापाची चड्डी शिवतोस काय रे? आत तांबा बी नाय, कोळशाचा धागा हाय. वढला की तुटतो. ह्या म्हातारीला तांबाच पायजे."

संच परत माझ्या मांडीवर आला. त्याने आपल्याकडच्या गुंडाळीतून तांब्याची काळी वायर काढली आणि प्रत्येक प्लगपर्यंत धरून, थोडी सैल ठेवून, एकेक तुकडा कापला. इंजिन हलतं, वायर ताणलेली नको. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीपासून तीन बोटं लांब. आणि तीन नंबरची वायर एका बाजूने, चार नंबरची पार दुसऱ्या बाजूने वळवून. मी कारण विचारलं.

"तीनच्या मागोमाग चार पेटतो. हायत शेजारी, पण दोघांच्या वायरी चिकटून नेल्या तर तीनाची वीज चाराला भुलवते. भावकी हाय ती! बांधाला बांध लागला की भांडान."

त्या दिवशी त्याचा मुलगा प्रकाशही शेडवर होता. तो नालासोपाऱ्याला राहतो. मामाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. प्रकाशला वडिलांना घेऊन जायचं होतं. बापलेकांत वाद चालला होता आणि मी साक्षीला होतो.

"डोळं काय करायचंत? घोंगडीखाली काळोखच आसतो," मामा म्हणाला.

"बाबा, मग आसं करू. एक जरी गाडी तुमच्या हातची बिघडून परत आली, तर मुकाट्यानं माझ्यासंगं यायचं. लोकांची माणसं बसतात गाडीत."

"आली तर येईन. जा! ह्या डॉक्टरच्या पोराच्या गाडीपासून मोज."

तो हसला. मीही हसलो.

आता मला सांगायचं आहे ते. मी बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे पॅनेल उघडलं, की आतल्या वायरी ओळीत, सरळ, प्लॅस्टिकच्या टायने आवळून बांधलेल्या दिसल्या पाहिजेत. तशा दिसल्या, की साहेब खूश. सगळं आयुष्य मी वायरी बांधण्यात घालवलं आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन मी बॉनेट उघडलं, आणि मामाच्या त्या चार दिशांना पसरलेल्या वायरी मला गबाळ्या वाटल्या. फोटोत येणार होत्या. खिशात टाय होतेच. मी चारही वायरी एकत्र घेतल्या, एका रेषेत आणल्या, आवळल्या आणि टायची टोकं कापून टाकली. लांब उभा राहून पाहिलं. पॅनेलसारखं देखणं दिसत होतं. इंजिन चालू करून पाहिलं, तर चालूही झालं. मामाने काय सांगितलं होतं ते मी विसरलो नव्हतो. जाताजाता केलेली बडबड म्हणून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलवर जाताना पोलादपूरच्या अलीकडच्या चढावर गाडी धक्के देऊ लागली. मग फटाके. मग जळक्या रबराचा वास आला आणि गाडी थांबली. मागे बसलेल्या सायलीच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. नवरीला न्यायला आलेल्या व्याह्यांची गाडी मागोमाग होती, तिच्यात तिला बसवून पुढे पाठवलं. व्याही मात्र माझ्याबरोबर थांबले. प्रकाश लग्नालाच आला होता. कुणीतरी त्याला फोन केला आणि तो मोटरसायकलवरून मामाला घेऊन आला. मामा लग्नाचे कपडे घालून, फेटा बांधून आला होता.

त्याने बॉनेट उचललं. जवळ वाकला. बोटांनी टाय चाचपले. एक वायर नळीला टेकून वितळली होती. तो सावकाश ताठ झाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता थांबला होता, मी काय बोलतो त्याची वाट बघत.

"काय झालं होतं, मिस्त्री?" व्याह्यांनी विचारलं.

"वायरी येकमेकींना लागल्या व्हत्या."

"कुणी लावल्या अशा?"

मामा गप्प. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "चला, चला, मुहूर्त चुकेल."

मामाने खिशातल्या पकडीच्या धारेने एकेक टाय तोडला, वायरी मोकळ्या केल्या, शेडवरून आणलेल्या तुकड्याने जळकी बदलली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आणि तिथेच त्याचा निकाल लागला. व्याही सहज, दयेने म्हणाले, "स्वतःची चूक स्वतःच निस्तरली बिचाऱ्याने. वय झालं." प्रकाश मागेच उभा होता. त्याने वडिलांच्या हातातली पकड हळूच काढून घेतली.

'हे मी नाय बांधलं,' एवढं मामा म्हणू शकला असता. पण मग बांधलं कुणी, हा प्रश्न आलाच असता, आणि नवरीचा बाप व्याह्यांसमोर उघडा पडला असता. ते त्याने होऊ दिलं नाही, असं मी समजतो. त्याला तेव्हा काय वाटलं, ते मी कधीच विचारलं नाही.

बोलीप्रमाणे मामा प्रकाशबरोबर नालासोपाऱ्याला निघाला. शेडला कुलूप लागायच्या दिवशी मी गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. मामा हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळत होता. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी..." त्याने मान वर न करता विचारलं, "बाय नांदते ना रे नीट? मग झालं." मला ती पळवाट पुरली. नंतर एकदा फोनवर बोललो. म्हणाला, "हिकडं गाड्या ढीगभर, पन येकीचं बॉनेट उघडायला कोन देत नाय." मी हसून विषय बदलला.

यंदा भातकापणीच्या सुमाराला तो गेला. आजार असा काही नव्हता, जेवण तुटत गेलं एवढंच. तेराव्याला प्रकाश वाडीवर आला, तेव्हा मी वरंधहून डोंगर चढून गेलो. पंगत उठल्यावर त्याला गोठ्याच्या बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. टाय मी बांधले, मामाने नाही. तो मला शिव्या देईल, निदान उठून जाईल, अशी तयारी करून आलो होतो.

प्रकाश म्हशीच्या दावणीजवळ खाली बसला.

"दादा, ते रोज बोलायचे, पोरा, येकदा घरी जाऊन येऊ, येकच गाडी बघू दे. मी 'नाय' बोलायचो. बोलायचो, बाबा, आठवा सायलीताईचं लगीन. मग गप बसायचे."

त्याने म्हशीपुढची सांडलेली वैरण हाताने आत सारली.

"म्हंजे मी त्यांना उगाच नेलं," तो म्हणाला.

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो उठला नाही. मी माझं ओझं उतरवायला डोंगर चढून गेलो होतो. ते त्याच्या डोक्यावर ठेवून खाली आलो.