जोतिबाच्या घाटात जळालेली गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगतोय, कारण रागानं डोकं फुटायची वेळ आलीय — आणि हा राग दुसऱ्या कुणावर काढायची सोय नाही.

उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. एका बड्या बागायतदाराची जुनी अमेरिकन गाडी मीच सांभाळायचो. आठ सिलिंडरची, सुरू झाली की गल्लीतल्या खिडक्या थरथरायच्या. चालवायचा माझा सख्खा मामा. लग्न लागलं की नवरा-नवरीला जोतिबाच्या दर्शनाला न्यायचं, ते याच गाडीतून.

पावसाळाभर गाडी उभी. अशा वेळी टाकी काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे आतून गंजत नाही — हे मी वडिलांकडून शिकलो. पण वडिलांच्या काळचं पेट्रोल वेगळं होतं! आताच्या पेट्रोलात इथेनॉल, तेही आपल्याच उसाचं. पेट्रोलच्या पाईपचं जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. मला माहीत नव्हतं? होतं की! चार जणांनी सांगितलं होतं. पण मला कोण शिकवणार?

दिवाळीनंतर मामा म्हणाला, "पाईप वलसर लागतुय रं. बदल की."

मी खेकसलो, "तुम्ही स्टेअरिंग बघा."

आणि पहिल्याच लग्नात, जोतिबाच्या घाटात, बॉनेटखालून जाळ आला. मामानं दोघांना ओढून बाहेर काढलं, स्वतःचा हात भाजून घेतला. गाडीचा नुसता सांगाडा उरला.

मालकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, कशानं झालं? आणि मी — लाज वाटते लिहायला — मी म्हणालो, मामा बिडी ओढत असणार.

बिडी! मामी मरणाच्या दारात होती तेव्हा मामानं जोतिबापुढं शपथ घेऊन सोडलेली बिडी. सगळ्या भावकीला ते ठाऊक. तरी एकानंही विचारलं नाही, कुणी बघितली? उलट म्हणाले, शपथ मोडली, जोतिबानं आपल्याच डोंगरावर दाखवून दिलं. असली माणसं! चीड येते. पण त्यांच्या तोंडी हे घातलं कुणी?

मामाचं काम गेलं. तो गॅरेजात आला. हाताला अजून पट्टी होती.

"तुला ठावं हाय मी वढली न्हाय. तुझ्या मामीला तेवढं सांग. बाकी कायबी नगं."

मी हातातला पाना खाली ठेवला नाही. म्हणालो, "वढली आसंल, ध्यानात ऱ्हायलं नसंल."

चोर तो चोर, वर शिरजोर. दुसरं काय म्हणायचं याला?

आपल्या जिवासाठी घेतलेली शपथ मोडली म्हणून मामी त्याच्याशी अजून धड बोलत नाही.

आता मामा खरोखर बिडी ओढतो. गॅरेजसमोरच्या कट्ट्यावर बसून, माझ्याकडं बघत. काडेपेटी माझ्याकडंच मागतो. मी देतो.