रिकाम्या हातानं

जर्मनीत झिंडेलफिंगेनमधली आमची इमारत राज्याच्या बँकेच्या मालकीची. ती एका खासगी कंपनीला विकायचं बँकेनं ठरवलं आणि माझं डोकंच फिरलं. विकल्यावर आम्हा भाडेकरूंना एकेक करून बाहेर काढणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. राज्याच्या विधानसभेची एक समिती असते, बँका आणि घरं यांवर देखरेख ठेवणारी. तिनं आमची तक्रार सुनावणीला घेतली. भाडेकरूंच्या वतीनं बोलायला मी तयार झाले. घर सोडायचं नाही, एवढं पक्कं होतं.

तेव्हा नागपूरहून बाबा आले होते. चळवळीतला जुना माणूस, जन्मभर निवेदनं देत आलेला. म्हणाले, "रिकाम्या हातानं जाऊ नये. आधी पुष्पगुच्छ, मग निवेदन. आणि 'कृपा करावी' असं लिही. साहेबलोकांना बरं वाटतं." मीही मुकाट्यानं जर्मनमध्ये तसंच लिहिलं.

सुनावणीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाईंनी फुलांकडे पाहिलं. "सुनावणीआधी मला काही घेता येत नाही. बाहेर ठेवा, प्लीज."

सगळ्यांदेखत मी गुच्छ दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवून आले. आधी लाज वाटली, मग त्या लाजेचाच राग आला. राहत्या घरासाठी कृपा कसली मागायची? निवेदन पर्समध्ये कोंबलं आणि समोर बसलेल्या बँकेच्या माणसाकडे वळून विचारलं, "खालच्या मजल्यावरच्या आजी लग्न होऊन या घरात आल्या. तुम्ही विकल्यावर त्या कुठं जाणार?"

"म्हणजे, बाजाराची परिस्थिती पाहता..."

"कुठं जाणार, ते विचारलंय त्यांनी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उत्तर द्या."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्याला उभं राहून कबूल करावं लागलं. पुढच्या सुनावणीला उत्तर घेऊन या, तोवर व्यवहार पुढे नेऊ नका, असं समितीनं त्याला बजावलं. इमारत वाचली असं अजून कुणीच म्हणत नव्हतं.

बाबा मागच्या बाकावर बसून होते. जर्मनचं त्यांना ओ की ठो कळत नाही. परतताना गाडीत गुच्छ मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं,

"तो कोटवाला चाचरत होता, तो तुला उत्तर देताना ना?"

"हो. समितीनं विचारलं की द्यावंच लागतं."

"मी एवढी निवेदनं दिली," बाबा म्हणाले. "फोटो निघायचे. पण उत्तर देताना कुणाला पाहिलं नव्हतं."

गुच्छातली वाकलेली फुलं त्यांनी सरळ केली. मग म्हणाले, "पुढची तारीख माझा व्हिसा संपायच्या आत येते का, बघ."